सातवा हात

कुडतरीच्या तळ्याकाठी, बोस्त्यांव कुलासच्या मागल्या पडवीत
तारेवर टांगलेली असायची व्हायोलिनं,
उघडी, पांढरी, तारांवाचून,
वारा आला तरी एकमेकांना लागणार नाहीत
इतक्या अंतरावर.

मी च्यारी, बांदोड्याचा.
देवळाची दारं, पालखीचे दांडे,
स्पिरिटमध्ये लाख विरघळवून चकाकवायचं, हे घराण्यातलं.
गिऱ्हाइकाला त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे,
बाबा म्हणायचे.

बोस्त्यांवने माझ्या हातून ब्रश काढून घेतला
आणि चिंधी दिली:
त्याच्या लग्नातल्या शर्टाची, शंभरदा धुतलेली,
आता धागासुद्धा न सोडणारी.
"ल्हव ल्हव, पुता.
लावायचं, आणि लगेच पुसून काढायचं.
राहील तेवढंच लाकडाचं."

जवसाचं तेल, टर्पेंटाइन, थोडं वार्निश,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलवलेलं.
पहिला हात लाकूड पिऊन टाकतं.
दुसराही.
दिवसभर राबून काही केलंय असं
कुणालाच दिसत नाही.
तिसऱ्यानंतर पॉलिशपेपर, इतका झिजलेला
की मागचा आकडा वाचता येत नाही.
चौथ्याला पाठीवरचे पट्टे जागे होतात,
बांगड्याच्या पाठीवर असतात तसे,
हललं की हलणारे.

पाचव्याला मी घाई केली.
गिऱ्हाईक म्हार्दोळचं, जत्रेआधी हवं होतं,
आणि बोस्त्यांव मडगावला गेलेला.
जाड हात दिला, पुसलाच नाही.
ओला इतका झळकला की मला बाबा आठवले.
रात्री तळ्यावरून एक चिलट आलं,
उजव्या छिद्राखाली बसलं
ते बसलंच.

सकाळी त्याने चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं,
नाकाने हुंगलं, वाळलंय का ते.
"खरवडलंस तर खड्डा पडेल.
राहू दे. आता तेही वाजेल."
सहावा हात त्यानेच दिला,
चिलटावरून, श्वास टाकावा इतका पातळ.

रोज संध्याकाळी चिंधी
दोरीवर ताणून वाळत घालायची.
चुरगळून कोपऱ्यात टाकली
तर तेल सुकता सुकता तापतं,
घडीतल्या उष्णतेला वाट मिळत नाही,
आणि मध्यरात्री ती आपली आपण पेटते.
त्याची पहिली शेड अशीच गेली.
अकरा व्हायोलिनं, एक सेलो.
हे त्याने चिमटे लावता लावता सांगितलं,
पुढे काही बोलला नाही.

मानेला वार्निश लावू दिलं नाही.
तिथे नुसतं तेल, तेही नावापुरतं.
"सातवा हात आपला नव्हे.
तो वाजवणाऱ्याचा."

पोचवायला नेताना एक रात्र ते आमच्या घरी राहिलं.
बाबांनी दिव्याखाली तिरकं धरलं.
"तोंड दिसत नाही यात."
मग पालथं करून अंगठा फिरवत राहिले
पट्ट्यांवरून, आडवा, उभा,
जेवण थंड होईस्तोवर.
पुन्हा उलटलं. अंगठा छिद्राखाली अडला.
"हे काय?"
"पाचवा हात," मी म्हणालो.
ते हसले नाहीत.
किती पैसे ठरलेत, तेवढं विचारलं,
आणि उठून माजघरातल्या दोरीवर
माझ्या खिशातून डोकावणारी चिंधी
स्वतः पसरून आले.