एक फेरा आधी

फेब्रुवारीत तुर्कूची हवा इतकी कोरडी होते
की पाकिटातून तबकडी ओढताना बोटाला चटका बसतो,
आणि जी धूळ कुठेही गेली असती
ती नेमकी तिच्यावरच येऊन बसते.
म्हणून दुकानात हीटरवर मी पातेलंभर पाणी ठेवतो.

गिऱ्हाईक आलं की सांगतो:
वजनावर जाऊ नका. एकशे ऐंशी ग्रॅम म्हणजे एकशे ऐंशी ग्रॅम,
बटाटे नव्हेत हे.
दिव्याखाली तिरकी धरा. दिसतात ते सगळे ओरखडे वाजत नाहीत,
नखाला लागतात ते वाजतात.
मधल्या भोकाभोवती बघा,
अंधारात खुंटी शोधताना कुणाचा हात किती वेळा चुकला,
पेंगून की पिऊन,
ते तिथे उमटलेलं असतं.
आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत
खाचा कापणाऱ्याची आद्याक्षरं शोधा.
सही करणारा सहसा पाट्या टाकत नाही.

तीस वर्षं मी कानांचं काम डोळ्यांकडून करून घेतोय.
कानाडोळा म्हणतात तो हाच की काय.

इर्मेली काल्लिओइनेन आली तेव्हा पाच वाजले होते,
नदीकाठचे दिवे लागलेले.
चौतीस वर्षं इस्पितळात तिने लोकांचे कान तपासले.
काचेपलीकडे माणूस, कानांवर हेडफोन,
ती बटण दाबायची,
ऐकू आलं की त्याने बोट वर करायचं.
"खोटं बोट वर करणारे फार," ती म्हणाली.
"विशेषतः नवरे."

तिला व्हायोला आणि पियानो हवं होतं.
माझ्याकडे एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती होत्या,
एका लाकडी चर्चमधल्या, एकाच रात्रीच्या.
एक नवी: अर्ध्या वेगाने कापलेली, जाड पुठ्ठा,
एकशे वीस युरो.
दुसरी जुनी, कोपरा उंदराने खाल्लेला,
अठरा.

मी नवीचं गुणगान लावलं,
वरच्या सुरांतली हवा, गजाच्या केसांची खरखर,
आणि ती मधेच म्हणाली,
"एन्सिओ, माझ्या कानांचा आलेख मीच काढलाय.
सहा हजारांच्या वर काही नाही. नुसता बर्फ.
या जास्तीच्या शंभर युरोंतलं
माझ्यापर्यंत किती पोचेल?"

अशा वेळी दुकानदाराने खोकायचं असतं.
मी खोकलो. मग खरं काय ते सांगितलं.

"मग दुसरी लावा."
"तिच्यात दोष आहे. खाचा फार खेटून कापल्यात,
एकीचं गुपित शेजारणीला कळतं.
वाद्य सुरू व्हायच्या एक फेरा आधी
त्याची सावली ऐकू येते, पावणेदोन सेकंद आधी.
जाणकार ही प्रत परत आणून देतात."

सुई टेकवली. बाहेरून बर्फ खरवडणारं यंत्र गेलं.
ते जाईपर्यंत थांबलो, पुन्हा टेकवली.
सरसर. एक ठिणगी. सरसर.
अजून काही नव्हतं,
आणि तिचं बोट वर गेलं.
मग व्हायोला आली.

मला वाटलं, अंदाज असेल.
तिला भिंतीकडे तोंड करायला लावलं,
तिसऱ्या तुकड्याआधी टेकवली, मग पाचव्या.
दर वेळी बोट आधी,
व्हायोला नंतर.
मी काउंटरवर वाकून, श्वास धरून ऐकत होतो,
आणि मला नुसती सरसर.

वळून तिने माझ्याकडे पाहिलं,
काचेपलीकडून बघावं तसं.
"हा दोष तुम्हाला कुणी सांगितला?"
पाकिटावर मीच पेन्सिलीने लिहिला होता,
बहुतेक पहिल्या वर्षी.
त्यानंतर दर गिऱ्हाइकापुढे
मी बोट वर करत आलो होतो.

अठरा युरो तिने मोजून दिले. पंधरा घेतो म्हटलं,
तर म्हणाली, दोषाचे वेगळे लावा हवं तर.

ती गेली. पातेल्यातलं पाणी आटलं होतं, भरलं.
मग न खपलेली ती नवी प्रत लावली, वरच्या हवेवाली,
दिवा मालवला
आणि काउंटरवर बोट आडवं ठेवून बसलो.