चौदाव्या सेकंदाला

वर्गात एकोणतीस मुलं, आणि शाळेने दिलेलं एक ॲप.
दर शुक्रवारी प्रत्येकाचं अर्ध्या मिनिटाचं वाचन
मी फोनमध्ये भरून घरी पाठवते.
कुणाची आई ते ग्रीसमध्ये ऐकते,
परक्या म्हातारीचे केस विंचरता विंचरता.
कुणाचे आजोबा द्राक्षाच्या मांडवाखाली बसून
आवाज मोठा करतात, गल्लीलाही ऐकवतात.
बाकीचे नुसता अंगठा पाठवतात.
अंगठा म्हणजे ऐकलं,
किंवा सवडीने ऐकू.

नुत्साचंही पाठवलं, हाताच्या सवयीने.
तिचा बाप बद्री पुलाखालच्या भट्टीत काम करतो,
रांजणाएवढ्या तोंडात कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीला लांबट पाव चिकटवतो.
जन्मापासून त्याला ऐकू येत नाही.
कुताइसीत हे सगळ्यांना ठाऊक,
मलाही.
बटण दाबल्यावर आठवलं,
आणि अख्खा शनिवार मी स्वतःला खात बसले.

रविवारी उत्तर आलं. एक फोटो.
फोनच्या काचेवर आवाजाची हिरवी रेघ,
करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली,
मध्येच एका जागी सपाट.
त्या जागेभोवती पिठाच्या बोटाने काढलेलं कडं.
खाली एवढंच:
चौदाव्या सेकंदाला काय झालं?

मला माहीत नव्हतं.
मीच तर समोर बसले होते,
पण तेव्हा यादीत पुढचं नाव शोधत होते.
पुन्हा ऐकलं, फोन कानाला घट्ट लावून.
बाकाची कुरकुर. बाहेर मिनीबसचा भोंगा.
कुणीतरी नाक ओढलं.
आणि नुत्साचा श्वास, आत गेलेला,
बाहेर न आलेला.
पुढचा शब्द बेडूक होता.

आमच्या भाषेत बेडूक सोपा नाही.
त्यात एक अक्षर आहे, ओठांच्या ओळखीचं नाही,
जिभेला सापडत नाही,
घशाच्या तळातून खडा उडवावा तसं उडवावं लागतं.
आणि बेडकात ते दोनदा येतं!
पाहुणे हौसेने म्हणून बघतात, मग पाणी मागतात.
मी लिहिलं: बेडूक. तिथे अडली.

सोमवारी नुत्सा डबा खाता खाता सांगू लागली.
बाबा आला तो हात न धुताच,
मला स्टुलावर बसवलं,
दोन बोटं गळ्यावर ठेवली, गरम होती,
आणि खूण केली, म्हण.
मी म्हटलं. तो म्हणाला, उडालं नाही.
पुन्हा म्हटलं. नाही.
आई आतून ओरडली, अहो बरोबर आहे आता!
पण बाबाला थोडंच ऐकू येतं,
त्याने अजून सहा वेळा म्हणायला लावलं.
मग एकदम त्याच्या बोटांना खडा लागला,
आणि तो असा हसला ना, बाई,
शेजारच्यांनी भिंत ठोकली.

आता मी व्हिडिओही पाठवते.
खुणा शिकते आहे. माझा "शाबास"
नुत्साच्या मते "शेळी"सारखा दिसतो.
बद्रीने लिहिलं:
व्हिडिओ छान. पण रेघ बंद करू नका.
चेहरा ती माझ्यासाठी करते.
रेघ करता येत नाही.

शुक्रवारी रात्री हल्ली मी आवाज बंद ठेवून
एकोणतीस रेघा बघते.
गेगाची एकसलग, कुठे श्वासच नाही,
पाठ करून आलाय लबाड.
तामुनाची दर खेपेला शेवटाकडे विरत जाते.
का, ते तिच्या घरी अजून विचारलेलं नाही.
धीर होत नाही.

काल नुत्साने नवा धडा वाचला.
तिसऱ्या ओळीत थांबली.
हात आपोआप गळ्याशी गेला.
मुलं चुळबुळली, मी फोन धरून राहिले,
पाच, आठ, अकरा.
रिकाम्या जागा कापायचं बटण असतं ॲपमध्ये,
कात्रीचं चित्र असलेलं.
त्याला हात लावला नाही.
पाठवलं, सपाट जागेसकट,
एक्केचाळीस सेकंद.