सव्वातीनच्या आसपास

वेंडेलने डार्ट जॅकवर उचलली.
एक चाक डॉर्कसने घट्ट धरून ठेवलं,
दुसरं त्याने दोनदा फिरवलं,
शाफ्टवरची खडूची खूण मोजत.
एक, दोन, तीन,
चौथा फेरा थोडक्यात राहिला.
तीन पॉइंट एक्क्याण्णव.
एकाहत्तर साली त्यानेच बसवलेले दात.

तेव्हा त्याचं सलायना
दोन सिग्नलांच्या मधल्या रस्त्याएवढं.
हिरवा पडला की गाडी उसळायची,
पुढचा लाल येईतो सगळं जिंकून झालेलं.

आता रविवारी ॲबिलीनला जायचं,
पंचवीस मैल, सरळसोट, दोन्हीकडे गहू.
साठच्या पुढे इंजिन असं कोकलतं
की डॉर्कस वाटेत काय म्हणाली
ते त्याला अंगणात उतरल्यावर कळतं.

भंगारवाला ऑर्विल विचारतो,
टायर किती इंची? कॅम कुठला? गिअर चारच ना?
आणि जायचं कुठं असतं?
इथं वेंडेल अडतो.
साडेतीन ने, ऑर्विल म्हणतो,
ना धड हे, ना धड ते, पण सगळे तेच नेतात.

डॉर्कस म्हणाली, आहे ते राहू दे.
मला कुठं एवढं बोलायचं असतं?

त्याने सव्वातीन आणलं.
जुने दात तेलकट फडक्यात, फळीखाली.

रविवार. गावाबाहेरचा शेवटचा सिग्नल.
हिरवा पडून किती वेळ झाला,
डार्ट म्हशीसारखी उठतेय,
मागचा ट्रक हॉर्न देतोय,
आणि त्यातही डॉर्कसचं वाक्य
त्याला अख्खं, स्वच्छ ऐकू येतं:

दाब ना रे.