चोवीस तास बादलीत

कुमासीच्या लाकूडबाजारामागे
भुशाचा डोंगर बारा महिने आतल्या आत धुमसतो.
त्याच्या पायथ्याशी आमची शेड.
एक दाबयंत्र, जुनं, जहाजातून आलेलं,
तापायला पाऊण तास घेतं
आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आधी पिंपांतून सरस यायचा.
सरस म्हणे! नाव तेवढं चांगलं.
डोळ्यांची आग व्हायची, घसा धरायचा.
बादू म्हाताऱ्यानं त्यात तीस वर्षं काढली.
तक्रार करत नाही. एवढंच म्हणतो,
"अननस पिकलाय का, ते मला आता दाबून बघावं लागतं."

आता पिंपं रिकामी. आता पिशव्या.
अर्ध्या लिटरच्या, पाण्याच्या,
कोपरा दातानं फाडून, पिऊन,
उभ्या जागी टाकलेल्या.
गटारांतून, गाडीतळावरून, शाळेच्या कुंपणातून
पोरं गोणी भरून आणतात.
आम्ही धुतो, वाळवतो, कातरतो.
वावाचा भुसा, पांढुरका, हलका,
त्यावर पिशव्या, त्यावर भुसा, परत पिशव्या.
मग एकशे सत्तर अंश,
आणि सात मिनिटं कुणी बोलायचं नाही.

पहिली फळी उचलली तर हातात बिस्किटासारखी तुटली.
लाकडाला पाणी हवं, प्लास्टिकला नको;
जबरदस्तीच्या सोयरिकीतली दोघं जशी
पाठीला पाठ लावून पडली होती.
बादू हसला. "भुसा ओला होता, अंतिवा.
वाफेनं आतून फोडलं. वाळव. घाई सोड."

सतरावी टिकली.

नियम असा की तुकडा चोवीस तास बुडवायचा
आणि मग मोजायचं, किती फुगला.
संध्याकाळी बादलीत टाकला, वर वीट ठेवली.
सगळे गेले. मला जाववेना.

आई याच पिशव्या घमेल्यात भरून
गाड्यांमागे धावायची.
सिग्नल हिरवा झाला की
कधी खिडकीतून नाणं पडायचं, कधी नाही.
तिची मान अजून डावीकडे कलते.
एका पोत्यात तीस पिशव्या.
एकोणतीस विकायच्या. तिसावी माझी.

रात्री टॉर्च मारून बादलीवर वाकले.
तुकड्याच्या कडेला निळी शाई,
वितळून तिरकी झालेली:
अर्धं अक्षर, आणि एका झऱ्याचं चित्र,
जो कुठेच नव्हता.
वाटलं, पिशवी फोडून निघून गेलेलं पाणी
आता बाहेरून दार वाजवतंय.

दुसऱ्या दिवशी मोजलं.
हवं होतं त्याहून अर्धा मिलीमीटर जास्त.
बादूनं फळीवर बोट वाजवलं, कान लावला.
"बाहेरच्या दाराला नको," म्हणाला,
"घरातल्या फडताळाला चालेल."
मग नाकाशी नेली, आणि मला विचारलं,
"कसला वास येतोय?"
मी खोटं सांगितलं नाही.
जळक्या पिशवीचा थोडा.
ओल्या लाकडाचा पुष्कळ.
बराच वेळ त्यानं ती तशीच धरून ठेवली.

अठरावी उद्या. भुसा दोन दिवस जास्त वाळवलाय.

बादलीतला तुकडा मी घरी नेला.
आई त्यावर पेला ठेवते.
पेला उचलला की ओलं वर्तुळ राहतं,
ती पदरानं नाही, तळहातानं पुसते,
आणि निळ्या अक्षरापाशी
हात थोडा अडतो.