निवृत्तीचे कागद

डॉक्टरीण म्हणाली, रजोनिवृत्ती.
मी म्हटलं, मग पेन्शन कधीपासून?
हसली. कोवळी मुलगी, लातूरकडची,
बाजारातून अजून नाक दाबून जाते.
पण कागदावर नीट काढून दाखवलंन:
हे अंडाशय. बदामाएवढं.
इथे बदाम कोण बघतंय, मी म्हटलं, काजूएवढं म्हणा.

सव्वीस वर्षं काजू फोडतेय वेंगुर्ल्यात.
कुठला भरलेला, कुठला आतून किडका,
कानाशी हलवून सांगते.
पोटातल्या दोघांचं मात्र काही माहीत नव्हतं.

येते कशी, तर आधी कानामागे मुंगी.
मग गळा, मान, टाळू,
कुणी बोर्म्याचं दार उघडून समोर उभं केल्यासारखी.
घाम पुसेस्तोवर थंडी.
त्यातच ट्रे चुकला, दोनशेचाळीसच्या गरात तीनशेवीस ओतले.
मुकादम बोलला.
मी रडले, तेही सगळ्यांसमोर.
रोझीन म्हणाली, "माका काल कढयेचा नाव आठवाक नाय गो.
ज्येच्यात तळतत ता दी, म्हटलंय सुनेक."

रात्री तीनला पाठीखाली चादर ओली.
मी खळ्यात येते,
गडग्याच्या गार चिऱ्याला मान टेकते.
लांब ट्रॉलरचे दिवे. तिकडेही कुणी जागंच.
एकदा हे उठून आले. काय झालं?
सांगितलं. पहिल्यांदाच, नाव घेऊन.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, आईसुद्धा अशीच बसायची, इथेच.
आम्हाला वाटलं बाधा आहे.
गाऱ्हाणं घातलं देवळात. दोन कोंबडे गेले.

दाराआडच्या कॅलेंडरवर मोजत होते.
बारा महिने सलग कोरडे गेले, की गेली समजायची.
अकरा झाले. कपाटातली कापडं जाळायला काढली,
आणि नारळी पौर्णिमेला आली,
छत्री विसरलेली पाहुणी परत यावी तशी.
पुन्हा एकपासून.

आणि बारा उलटल्यावर थेंब जरी दिसला
तर सुट्टी, हप्ता, पाहुणे काही बघायचं नाही,
सरळ इकडे यायचं,
हे तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझा हात धरून.

एक गोष्ट मी उठता उठता विचारली, दाराची कडी धरून.
दुखतं ते. रात्रीचं. ह्यांच्याबरोबर.
त्यावर मलम असतं, ती म्हणाली,
जशी पायाच्या भेगांवर सांगावी.
असतं?
जिना उतरताना मी त्या चार वर्षांचा हिशेब करत होते.

आता नाचणीची भाकरी. तारले, काट्यासकट.
खारं कमी, बीपीसाठी. हाडांच्या गोळ्या जेवणानंतर.
संध्याकाळी बंदरापर्यंत चालते,
हातात रिकामी पिशवी घेऊन,
नाहीतर दहा जण विचारतात, खय चल्लंस?
गुडघा कुरकुरतो. झोप कधी येते, कधी नाही.
देवळाजवळची काकी म्हणाली, "सुटलंस गो!
आता नैवेद्य बाराय म्हयने तूच कर."
म्हणजे आणखी एक काम.

खिडकीजवळ पाच खुर्च्या झाल्यात.
मी, रोझीन, हमीदा, शालन,
आणि कालपासून प्रभावती,
जिने काही न बोलता खुर्ची उचलून आणली
आणि पदराने वारा घेत बसली.
कुणी काही विचारलं नाही. हमीदाने पाण्याची बाटली सरकवली.
मुकादमाला वाटतं, म्हाताऱ्यांना रस्ता बघायचाय.
बघतोही. नगरपालिकेची गाडी, एक लंगडा कुत्रा.
दुपारी खारा वारा वळतो
तेव्हा पाचही जणी एकदम माना वर करतो.
हात थांबत नाहीत.