बाक क्रमांक सात

मंजुरी सहा बाकांची होती.
सातवा देणगीचा, त्यामुळे कुठल्याच नकाशात नव्हता.
ठेकेदाराच्या पोरांनी तो दिवेलागणीला टेंपोतून उतरवला
मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर, हळदीच्या गोदामाला लागून,
आणि अंधारात पाय सिमेंटात गाडून निघून गेली.
तोंड भिंतीकडे. पाठ रस्त्याला.

अर्ज आला. आवक क्रमांक मीच टाकला.
"माझ्या कुटुंबाचे नाव बाकाच्या पाठीवर, बसण्याच्या बाजूस कोरले आहे.
ते भिंतीस दिसते, लोकांस दिसत नाही.
तरी बाक फिरवून मिळावा, ही विनंती.
कळावे. आण्णाप्पा बिरनाळे, वखारभाग, सांगली."

टेप घेऊन गेलो. साडेचार वाजलेले.
बावीस वर्षांच्या नोकरीत या रस्त्यावर मी ट्रक पाहिले होते,
आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे पुरुष.
"येथे लघवी करू नये" ही पाटी आमच्याच खात्याची,
आणि तिच्याच खाली सगळ्यात जास्त ओल.

आज ओल नव्हती.
बाकावर जागाही नव्हती.

बाबालाल मुजावर, हमाल, आडवा झालेला, तोंडावर टॉवेल;
प्रत्येक श्वासाला टॉवेलातून पिवळी भुकटी उठायची, बसायची.
त्याच्या पायाशी उरलेल्या वीतभर जागेत
मल्लव्वा भडंगवाली, उलटी बसलेली,
टोपली बाकाच्या पाठीवर टेकवून.
गिऱ्हाईक रस्त्यात उभं, ती आतून पुडी बांधते,
"कांदा घालू का? नको? मग लसूण तरी खा की रं!"
चुकीच्या बाजूला लागलेली पाठ
तिला आयती फळी झाली होती.

आणि भिंतीवर
एकोणीसच्या पुराची रेघ, बसलेल्यांच्या डोक्याच्या हातभर वर.
रेघेखाली दोन पोरं, क्लास सुटलेली की चुकवलेली, कोण जाणे,
हळकुंडाच्या तुकड्यानं काटकोन त्रिकोण काढत होती.
तिसरी एक पोरगी बाकाच्या हातावर बसून
चूक दाखवत होती, भडंग चघळत.

टेप खिशातच राहिली.
मोजायचं म्हटलं तर बाबालालला उठवायला लागलं असतं.

तेवढ्यात आण्णाप्पा आले. पांढरी टोपी, हातात ओला फडका.
रोज येतात म्हणे, नाव पुसायला.
मल्लव्वा सरकली. बाबालालनं झोपेतच पाय आखडले.
म्हातारा बसला तो अगदी कडेला,
पाठीनं 'कै. सौ. पद्मावती' झाकू नये म्हणून.

मी म्हटलं, काका, तुमच्या अर्जाचं बघायला आलोय.
ते बराच वेळ भिंतीकडेच बघत राहिले.
मग म्हणाले, "असू दे आता, साहेब.
ती तरी कवा रस्त्याकडं तोंड करून बसली?
तोंड चुलीकडं, कान गल्लीकडं.
कुणाच्या दारात कोण आलं, पाठमोरी सांगायची."
आणि पोरीला विचारलं,
"ते शेवटचं किती आलं गं? पाच?"

मग मल्लव्वा मला म्हणाली, "उभं का? टेका की."
आणि पुन्हा सगळे सरकले.
जागा कुठून निघाली, कळलं नाही.
माझ्या हापिसातल्या खुर्चीला दोन हात आहेत, मागे नंबर आहे,
तिच्यावर कधी कुणाला सरकावं लागलेलं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, पँटीला मागे काय हे पिवळं?
दोन धुण्यांत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाईल काढली. शेऱ्याचा रकाना मोठा असतो,
तेवढं लिहायला काही सुचेना.
शेवटी लिहिलं:
जागेवर जाऊन पाहणी केली.
बाक भरलेला असल्याने फिरवता आला नाही.