शेवटच्या वितीपर्यंत

गाडी थंड असतानाच बघायची,
शितोळेमामा कारेलीबागेपासून सांगत आले.
मालकानं आधीच तापवून ठेवली असेल
तर चहा प्यायचा, थांबायचं.

म्हणून रसेशभाईंच्या ओट्यावर आम्ही
तीन तीन कप चहा प्यायलो,
मधूनमधून बॉनेटला हात लावत,
ताप बघावा तसा.

लाल. दोन दारं. माझ्या दहावीच्या सालातली.
दिवे आतून वर येतात, डावा जरा उशिरा,
झोपेतून उठवल्यासारखा.

मामांनी फ्रिजवरचं आंब्याचं चुंबक
रुमालात गुंडाळून दारावरून फिरवलं.
मागच्या चाकाशी ते गळून पडलं.
"इथं पत्रा नाही. लांबी आहे."

ऑइलच्या झाकणाखाली साय नव्हती.
धूर निळा, पण थोडाच.

"पाण्यात नव्हती ना?"
"ना रे ना! विश्वामित्री आपल्या सोसायटीत
आलीच नाही कधी."

मामा काही बोलले नाहीत. सीटबेल्ट
ओढत गेले, ओढत गेले,
शेवटच्या वितीपर्यंत.
तिथं होती ती:
पट्टीनं आखल्यासारखी करडी रेघ,
आणि नखात आलेला बारीक गाळ.

रसेशभाई बोटातली अंगठी फिरवत राहिले.
भाव तिथंच पाडायला हवा होता.

पण मला दिसली समा रोडवरची माझी खोली,
कमरेच्या उंचीवरची हीच रेघ,
वर डिस्टेंपरचे दोन हात,
आणि "ओल नाही ना येत?" म्हणून विचारणारी
नवी भाडेकरीण.

"चावी द्या," म्हटलं,
"एक चक्कर मारून बघतो."